चौदा फुटी अ‍ॅल्युमिनियमची होडी आणि तिच्या मापाचा ट्रेलर

घटप्रभेवरचे हिडकल धरण, सौंदत्तीजवळचा मलप्रभेचा नविलुतीर्थ जलाशय आणि चिकोडी-निपाणी भागातून वाहणाऱ्या कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा या नद्या, एवढे पाणी हाताशी असल्यामुळे मासेमारीसाठी अ‍ॅल्युमिनियमची लहान होडी घ्यावी असा विचार करणारे लोक मला वरचेवर भेटतात. होडीची चौकशी ते अगदी बारकाईने करतात. पत्रा किती जाड आहे, सांधे रिव्हेटचे आहेत की वेल्डिंगचे, मागे किती अश्वशक्तीचे इंजिन चालेल, हे सगळे विचारून झालेले असते. ट्रेलरचा विषय निघाला की मात्र ‘चौदा फुटी होडी आहे, चौदा फुटांचा ट्रेलर बांधून घेऊ’ एवढ्यावर बोलणे संपते. माझ्या मते लांबीचा प्रश्न सगळ्यात शेवटी यायला हवा. ट्रेलर जुळवायचा असतो तो होडीच्या भरलेल्या वजनाशी आणि तिच्या तळाच्या आकाराशी, आणि आपल्या भागात ही जुळणी फसते ती बहुतेक वेळा ट्रेलर गरजेपेक्षा दणकट झाल्यामुळे.

त्याचे कारण उघड आहे. आपल्याकडचे फॅब्रिकेशनवाले पिढ्यान्‌पिढ्या उसाच्या ट्रॉल्या बांधत आले आहेत. हुक्केरी, संकेश्वर, चिकोडी, निपाणी हा सगळा साखरपट्टा आहे आणि गळीत हंगामात खड्ड्यांतून टनावारी ऊस ओढणारी ट्रॉली जो बनवतो, त्याच्या हाताला जाड चॅनेल आणि जड पाट्यांचीच, म्हणजे एकावर एक पोलादी पाने रचून केलेल्या, धक्के गिळणाऱ्या स्प्रिंगांचीच, सवय असणार. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका मिस्त्रींशी झालेले बोलणे मला नीट आठवते. सांगाडा दाखवून ते म्हणाले, “साहेब, यावर ऊस भरला तरी वाकायचा नाही.” मी म्हटले, “मिस्त्री, तुमच्या कामाच्या मजबुतीबद्दल मला शंकाच नाही. पण यावर तीनशे किलोच बसणार आहेत. एवढ्या वजनाने हा पाटा दबणारच नाही. मग रस्त्याचा दणका कोण सोसणार?” त्यांनी क्षणभर सांगाड्याकडे पाहिले आणि म्हणाले, “होडी सोसणार. पाने कमी करतो.” जुळणीचा निम्मा विषय त्यांनी त्या एका वाक्यात पकडला होता. लहान होडीचा पत्रा साधारण दीड ते दोन मिलिमीटरचा असतो. पाट्याने जो धक्का गिळायचा, तो त्या पत्र्यापर्यंत पोहोचू लागला की आधी रिव्हेट सैल होतात, तळातून पाणी झिरपू लागते आणि वेल्डिंगची होडी असेल तर फासळ्यांच्या सांध्यांजवळ केसासारख्या चिरा दिसू लागतात. होडी पाण्यात असताना तिला असा मार सहसा बसत नाही. तो रस्त्यावरच बसतो.

म्हणून पहिले काम वजनाचे. विक्रेत्याच्या कागदावर लिहिलेले वजन बहुधा रिकाम्या होडीचे असते आणि रिकामी होडी घेऊन पाण्यावर कोणी जात नाही. उदाहरणादाखल एक हिशोब मांडतो. चौदा फुटी, निमुळत्या तळाची, उघडी होडी ११५ किलोंची धरली. पंधरा अश्वशक्तीचे चार स्ट्रोक इंजिन सुमारे ५० किलो. पेट्रोलचे वजन लिटरला पाऊण किलोच्या आसपास असते, त्यामुळे २५ लिटरची भरलेली टाकी धरून २० ते २२ किलो. बॅटरी २५ किलो. नांगर, दोर, वल्ही, लाइफ जॅकेट, जाळी आणि हत्यारांची पेटी मिळून ४५ किलो. परतीच्या वाटेवर बर्फ आणि मासळी भरलेली पेटी आणखी ४० किलो. बेरीज तीनशेच्या घरात जाते, म्हणजे कागदावरच्या आकड्याच्या अडीच पटींहून जास्त. त्यावर पंधरा-वीस टक्के मोकळीक धरली की ट्रेलरची वहनक्षमता ३५० ते ३६० किलो ठरते. सांगाडा, धुरा (ज्याच्या दोन टोकांना चाके बसतात तो आस), चाके धरून ट्रेलरचे स्वतःचे वजन १३० किलोंच्या आसपास ठेवता आले, तर होडीसह रस्त्यावर धावणारे एकूण वजन ४३० किलो होते. पुढचे सगळे हिशोब मी याच आकड्यावर करतो.

ही वजने अंदाजाने न धरता खरोखर करून घ्यावीत. ट्रकच्या वजनकाट्यावर पाच-दहा किलोंच्या टप्प्याने आकडा येतो आणि आपल्या कामाला तो ढोबळ पडतो. त्यापेक्षा बाजार समितीत किंवा एखाद्या अडत दुकानात पोती मोजायचा जो काटा असतो, त्यावर इंजिन, बॅटरी, टाकी असे एकेक सामान वेगळे ठेवून मोजले तर हिशोब जास्त खरा येतो.

वजन हातात आले की सांगाड्याची निवड फारशी अवघड राहत नाही. पंचाहत्तर मिलिमीटरचे सी-चॅनेल मीटरला सुमारे ७ किलो भरते, तर पन्नास बाय पन्नासची तीन मिलिमीटर जाडीची चौकोनी नळी साडेचार किलोंच्या आत राहते. बारा मीटर मालात हा फरक तीस किलोंचा होतो आणि या वजनाच्या होडीला नळी पुरते. अडचण एवढीच की नळीच्या पोटात पाणी साठून ती आतून गंजते, म्हणून खालच्या बाजूला निचऱ्याची भोके हवीतच. गरम जस्ताचा मुलामा देण्याचा बेत असेल तर ही भोके आधीच पाडलेली असली पाहिजेत, कारण साडेचारशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेल्या जस्तात बंद नळी बुडवली तर आतली हवा आणि ओल यांच्या दाबाने ती फुटू शकते आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या जिवावर बेतू शकते. आपले पाणी गोडे असल्यामुळे समुद्रकाठासारखी घाई नाही. रेड ऑक्साइडवर चांगला रंग दिला आणि दरवर्षी पावसाळ्याआधी खरवडलेल्या जागा पुन्हा रंगवल्या तरी ट्रेलर बरीच वर्षे टिकतो.

पाट्यांची परीक्षा सोपी आहे. होडी सगळ्या सामानासह ट्रेलरवर ठेवल्यावर पाटे रिकाम्या स्थितीपेक्षा दोन-तीन सेंटिमीटर तरी खाली बसायला हवेत, आणि मागच्या आडव्या नळीवर एका माणसाने उभे राहून वजन टाकले तर ट्रेलर खालीवर झाला पाहिजे. तो दगडासारखा उभा राहिला तर एखादे पान काढावे. भंगारातून जीपचे पाटे आणून बसवण्याची पद्धत आपल्याकडे आहे, पण सगळ्या पानांसकट ते या होडीला फारच ताठ पडतात. टायरमधली हवासुद्धा पाट्याचेच काम करते. त्यामुळे टायरवर लिहिलेल्या कमाल दाबापर्यंत ती ठासून भरू नये.

आता तळाकडे येतो, कारण माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा भाग हा आहे. होडी ज्या लांब लाकडी फळ्यांवर टेकते, त्या फळ्या कुठे सुरू होतात, कुठे संपतात आणि तळाच्या कोणत्या भागाखाली येतात, यावर होडीचे आयुष्य ठरते. सपाट तळाच्या होडीला रुंद, आडव्या बसवलेल्या फळ्या लागतात. निमुळत्या तळाच्या होडीला तळाच्या उतारालाच जुळेल अशा कोनात कललेल्या फळ्या लागतात आणि मधल्या कण्याखाली एक-दोन रबरी रूळ लागतात. फळ्यांचा भार शक्यतो आतल्या उभ्या पट्ट्यांखाली यावा. दोन फासळ्यांमधल्या मोकळ्या पत्र्यावर एकाच ठिकाणी दाब आला तर तिथे खोक पडलीच म्हणून समजावे. फळ्यांची लांबी होडीच्या लांबीच्या दोन-तृतीयांश तरी असावी.

आणि त्यांचे मागचे टोक इंजिन बसवायच्या मागच्या आडव्या भिंतीच्या बरोबर खाली, किंवा दोन-तीन सेंटिमीटर मागेच आले पाहिजे. ही एक गोष्ट जमली नाही तर बाकी सगळे जमूनही उपयोग नाही. पन्नास किलोंचे इंजिन त्या भिंतीला बाहेरून लटकलेले असते. प्रत्येक खड्ड्यात ते खाली हिसका देते, आणि फळी जर वीतभर आधीच संपलेली असेल तर फळीच्या टोकावरून तळाचा पत्रा हळूहळू वाकतो. तो बाक डोळ्यांना सहज दिसत नाही. होडी पाण्यात उतरवल्यावर ती वेगात पाण्यावर उचलली जात नाही, नाक खाली दाबते आणि मालक इंजिनाला दोष देत बसतो. लांब सरळ पट्टी तळाला मागून पुढे लावून पाहिली की मधली फट लगेच सांगते.

आधार नीट बसला आहे की नाही हे पाहायला मी जुन्या लग्नपत्रिकेची एक लांब पट्टी कापून घेतो. होडी ट्रेलरवर असताना ती पट्टी फळी आणि तळ यांच्या मध्ये सरकवत मागून पुढे जायचे. जिथे ती अडते तिथे भार आहे. जिथे ती अलगद आत शिरते तिथे होडी हवेत आहे. मागच्या टोकाशी ती अडलीच पाहिजे. दोन्ही बाजूंनी असे पाहून फळ्यांच्या खालच्या ब्रॅकेटचे बोल्ट सैल करून, उंची थोडी कमीजास्त करून पुन्हा आवळायचे. कामाला अर्धा दिवस जातो, पण यात कंटाळा करू नये. त्यासाठी ब्रॅकेटला गोल भोकांऐवजी लांबट खाचा ठेवायला मिस्त्रींना आधीच सांगावे.

फळ्यांच्या लाकडाबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. वाळवी आणि बुरशी लागू नये म्हणून तांबेयुक्त द्रावण मुरवलेले लाकूड बाजारात मिळते आणि ते जास्त टिकेल या समजुतीने लोक घेतात. अ‍ॅल्युमिनियमखाली ते कधीही घालू नये. ओल्या लाकडातले तांबे अ‍ॅल्युमिनियमच्या संपर्कात आले की पत्र्याला बारीक खड्डे पडत जातात आणि शेवटी तो आरपार जातो. त्यापेक्षा चांगला सुकलेला साधा साग घ्यावा. फळ्यांवर गालिचा चढवण्याची पद्धत आहे खरी, पण तो पाणी धरून ठेवतो आणि ओला बोळा पत्र्याला दिवसेंदिवस चिकटून राहावा तसा प्रकार होतो. मी जाड प्लॅस्टिकच्या गुळगुळीत पट्ट्या पसंत करतो, त्यांच्यावरून होडी सरकतेही सहज. स्क्रूचे माथे मात्र खोल बुडवलेले असले पाहिजेत.

यानंतर धुऱ्याची जागा. ज्याने बैलगाडी भरलेली पाहिली आहे त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही: ओझे मागे गेले की गाडी उलाळ होते, पुढे गेले की बैलांच्या मानेवर येते, आणि चांगला गाडीवान थोडासा भार पुढेच ठेवतो. ट्रेलरच्या दांड्यावर, म्हणजे गाडीला जोडायच्या पुढच्या टोकावर, एकूण वजनाच्या सात ते दहा टक्के भार यावा. आपल्या ४३० किलोंच्या हिशोबात तो ३० ते ४३ किलो होतो. त्याहून कमी भार असेल तर महामार्गावर वेग वाढताच ट्रेलर डावी-उजवीकडे डोलू लागतो आणि शेजारून ट्रक गेला की ते डोलणे आवरत नाही. जास्त असेल तर गाडीचे मागचे पाटे बसतात आणि पुढची चाके हलकी होतात. हिशोब असा आहे की एकूण वजन गुणिले धुऱ्यापासून गुरुत्वमध्यापर्यंतचे अंतर, भागिले धुऱ्यापासून जोडणीच्या गोळ्यापर्यंतचे अंतर. हे दुसरे अंतर ३.६ मीटर असेल तर गुरुत्वमध्य धुऱ्याच्या ३० सेंटिमीटर पुढे ठेवल्यावर दांड्यावर साधारण ३६ किलो येतात. भरलेली होडी नुसती दहा सेंटिमीटर पुढे सरकवली तरी त्यात आठ किलोंची भर पडते. म्हणून धुरा वेल्डिंग करून कायमचा न पक्का करता यू-बोल्टने आवळलेला असावा आणि होडीचे नाक जिथे टेकते तो विंचचा (होडी ट्रेलरवर ओढून घ्यायच्या हातचक्राचा) खांबही पुढेमागे सरकवता यावा. घरात माणसाचे वजन पाहायचा काटा विटांच्या थरावर ठेवून, दांडा जोडणीच्या उंचीवर आणून त्यावर टेकवला की हा भार थेट वाचता येतो. काटा वाचण्यापूर्वी पेट्रोल, बॅटरी आणि पेट्या नेहमीच्या जागी ठेवलेल्या असाव्यात, कारण मागे ठेवलेली भरलेली टाकी पुढे नेली की सगळा हिशोब बदलतो.

चाकांच्या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे. परदेशी चित्रांत दिसणारी आठ इंची लहान चाके आपल्या रस्त्यांवर नकोत. ताशी ६० किलोमीटरला आठ इंची चाक मिनिटाला सुमारे ७६० फेरे घेते, तर ऑल्टो ८०० गाडीचे १४५/८० आर १२ मापाचे चाक ५९० च्या आसपास. त्यामुळे बेअरिंग कमी तापते आणि चाक खड्ड्यातही कमी पडते. त्या मापाचा टायर ३७५ किलोंपर्यंतचा भार पेलतो, म्हणजे दोन चाकांना आपले वजन अगदीच हलके आहे. मोठा फायदा असा की मागच्या चाकाचा हब (बेअरिंग असलेला मधला तुंबा) त्याच गाडीचा बसवला तर बेअरिंग आणि सील निपाणीपासून खानापूरपर्यंत कुठेही मिळतात. पोहोचल्याबरोबर तापलेला हब थंड पाण्यात बुडवू नये. आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. होडीचे पट्टे सोडेपर्यंत हब निवू द्यावा आणि हाताची पालथी बाजू लावून दोन्ही बाजू सारख्याच कोमट आहेत ना ते पाहावे. एकच बाजू चटका देत असेल तर ते बेअरिंग उघडून पाहिल्याशिवाय परत निघू नये.

जोडणीसाठी ट्रॅक्टरची पिन आणि भोक ही पद्धत टाळावी. त्यात मोकळी जागा असते आणि प्रत्येक ब्रेकला होडीसकट सगळा ट्रेलर आपटतो. पन्नास मिलिमीटरचा गोळा, त्यावर बसणारा त्याच मापाचा कपलर आणि खालून फुलीसारख्या घेतलेल्या दोन साखळ्या हव्यात. गोळा गाडीच्या चॅसीला जोडलेला असावा, बंपरला कधीही नाही, आणि गाडी किती वजन ओढू शकते हे तिच्या पुस्तिकेत पाहूनच ठरवावे. दहा फुटी हलकी होडी असेल तर ट्रेलरच्या नादी न लागता ती छोट्या हत्तीत किंवा पिकअपमध्ये घालून नेणे शहाणपणाचे, असेही मी सांगतो. इंजिनासह चौदा फुटी होडी मात्र त्या हौद्यात मावत नाही आणि दर वेळी चार माणसे गोळा करणे जमत नाही.

होडी बांधताना विंचचा पट्टा पुरेसा आहे असे समजू नये. तो होडी ओढण्यासाठी असतो. नाकाला वेगळी साखळी आणि मागच्या दोन्ही कोपऱ्यांपासून ट्रेलरच्या सांगाड्याला दोन पट्टे लागतात. इंजिन वर उचललेल्या स्थितीत त्याच्या पायापासून ट्रेलरपर्यंत एक टेकू द्यावा, म्हणजे खड्ड्यातला हिसका मागच्या भिंतीला एकटीला सोसावा लागत नाही.

आपल्या जलाशयांची एक अडचण ट्रेलर बांधतानाच लक्षात घ्यावी. होडी उतरवायला काँक्रीटचा पक्का उतार बहुतेक ठिकाणी नसतो. पावसाळ्यानंतर हिडकलचे पाणी काठाला लागलेले असते, पण उन्हाळ्यात ते एवढे मागे हटते की मध्ये चिखल, दगड आणि भेगाळलेल्या जमिनीचा लांब पट्टा उघडा पडतो. तिथे गाडी पाण्यापर्यंत नेली तर ती रुतते. म्हणून दांडा थोडा लांब ठेवावा, पुढे एक रुंद टेकूचाक बसवावे आणि सगळ्यात मागच्या आडव्या नळीवर एक मोठा रूळ ठेवावा, म्हणजे ट्रेलर गाडीपासून सोडून हाताने ढकलत नेता येतो आणि दोन माणसे होडी त्या रुळावरून पाण्यात सरकवू शकतात. राकसकोपचे पाणी बेळगाव शहराच्या पिण्याचे आहे. तिथे होडी नेण्याचा विचारही नको. इतर जलाशयांवर मासेमारीसाठी लागणारा परवाना आधी काढून ठेवावा.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात सांगतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील व्याख्येनुसार ट्रेलर हे वाहनच आहे, त्यामुळे त्याचीही नोंदणी लागते. बेळगाव किंवा चिकोडीच्या आरटीओ कार्यालयात आधी विचारून, काय मंजूर होते ते पाहून मगच मिस्त्रींना काम सांगावे. शिनोळीकडून चंदगडला किंवा कोगनोळीवरून कागलला जाणाऱ्यांना राज्याची हद्द वरचेवर ओलांडावी लागते. मागचे दिवे, लाल रिफ्लेक्टर आणि नंबर प्लेट नीट असणे त्यांना तर आणखीच गरजेचे आहे. दिवे एका सुट्या फळीवर बसवून ती होडीच्या मागे अडकवली की होडी उतरवताना ती काढून ठेवता येते आणि दिवे कधी पाण्यात जातच नाहीत.

शेवटचा मुद्दा पावसाळ्याचा. चौदा फुटी होडीचे उघडे तोंड साधारण पाच चौरस मीटरचे धरले, तर दहा सेंटिमीटर पावसात तिच्यात पाचशे लिटर पाणी जमते, म्हणजे पाचशे किलो. जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात एवढा पाऊस एका दिवसात पडणे नवलाचे नाही. साडेतीनशे किलोंसाठी जुळवलेला ट्रेलर अंगणात उभ्याउभ्याच त्या ओझ्याखाली बसतो आणि पाण्याचा सगळा भार फळ्यांच्या टोकांवर येऊन तळ वाकतो. मृग लागण्यापूर्वी होडीच्या मागच्या भिंतीतले बूच काढून किल्लीच्या जुडग्याला अडकवून ठेवावे, नाक वीतभर उंच राहील असा दांड्याखाली टेकू द्यावा आणि धुऱ्याखाली दोन्ही बाजूंना लाकडी ठोकळे सरकवून पाटे व टायर मोकळे करावेत. वरून ताडपत्री घातली तरी मध्ये आडवी काठी देऊन तिला उतार द्यावा. नाहीतर पाणी ताडपत्रीतच साठते आणि तिचा झोळ होडीत उतरतो.